कोच टेन हाग गेला, आता मँचेस्टर युनायटेडला कोण पाहिजे? नागपूरवाल्यांनो, नाव सांगा आणि कारण पण सांगा

धंतोलीचा_लाल_सैतान
सोमवार, २८ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

शेवटी काढलंच. संध्याकाळी पाचच्या सुमारास बातमी आली तेव्हा ऑफिसात सगळे पुण्याच्या टेस्टबद्दलच बोलत होते, न्यूझीलंडने आपल्या घरी येऊन सिरीज नेली त्याबद्दल, आणि मला युनायटेडबद्दल बोलायचं होतं तर तिथे ऐकणारं कोणीच नाही. म्हणून इथे लिहितोय.

एरिक टेन हाग गेला, आपला जुना स्ट्रायकर रूड व्हॅन निस्टलरॉय तात्पुरतं सांभाळणार. लीगमध्ये नऊ सामने, ११ पॉइंट, सगळे मिळून आठ गोल आणि नंबर चौदावा. युरोपा लीगचे तिन्ही सामने ड्रॉ, त्यातल्या पोर्टोविरुद्ध तर २-० पुढे असताना ३-२ मागे पडलो आणि शेवटच्या मिनिटाला मॅग्वायरने डोकं लावलं म्हणून वाचलो. काल वेस्ट हॅमविरुद्ध दालोने गोलकीपरला चकवलं, समोर गोल पूर्ण रिकामा, आणि बॉल बारच्या वरून. तिथेच मला कळलं की आज काही खरं नाही. मग समरव्हिलचा गोल, कॅसेमिरोने बरोबरी केली, आणि इंज्युरी टाइममध्ये व्हीएआरने (व्हिडिओ रेफरीने) दिलेल्या पेनल्टीवर बोवेनने मॅच नेली.

टेन हागबद्दल मला राग नाही. २०२३ चा लीग कप त्याने दिला, त्याआधी सहा वर्षं एक कप नव्हता, आणि मे महिन्यात वेम्बलीवर एफए कपच्या फायनलला मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं ती दुपार मी आयुष्यभर विसरणार नाही, गार्नाचो आणि मेनू, दोन पोरांचे गोल. पण मागच्या सीझनला आठवा नंबर होता, गोल डिफरन्स मायनसमध्ये होता, आणि तरी जुलैमध्ये २०२६ पर्यंत करार वाढवून दिला. खरी चूक तिथे झाली असं मला वाटतं.

आता मुद्दा. उद्यापासून सगळीकडे नावं येतील, अमोरिम, झावी, साउथगेट, झिदान, फ्रँक, पॉटर. माझी विनंती एवढीच की नुसतं नाव फेकू नका. ही टीम बघा आधी. शॉ आला व्हॅन गालच्या वेळी, लिंडेलोफ आणि दालो मोरिन्योच्या वेळी, मॅग्वायर आणि ब्रुनो ओले सोल्शायरच्या वेळी, आणि मग लिसांद्रो, अँटनी, ओनाना, होयलुंड, डी लिख्ट हे टेन हागचे. प्रत्येक कोचला वेगळं फुटबॉल खेळायचं होतं आणि त्याची थोडीथोडी माणसं मागे राहून गेली. म्हणजे नवीन येणारा जो कोणी असेल त्याच्या हातात एक टीम नाही, चार टीमचे तुकडे आहेत. ह्या तुकड्यांना घेऊन तो काय करेल ते सांगा, आणि कोणते अकरा खेळवेल ते सांगा.

---

बजाजनगर_बाबू
सोमवार, रात्री १०:०५

माझं तर सरळ आहे भाऊ. झिदान. २०१६, १७, १८, लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग, अजून काय पाहिजे माणसाले. २०२१ पासून रिकामा बसून आहे, काहून नाही विचारून राहिले हे लोक त्याले?

मले असं वाटते का आपला प्रॉब्लेम फॉर्मेशनचा नाहीच. एक गोल खाल्ला का ह्यांचे खांदेच पडतात, टॉटनहॅमसमोर घरच्या ग्राउंडवर ०-३, लिव्हरपूलसमोर ०-३, ते काय फॉर्मेशनमुळं झालं का? ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी असा पाहिजे का तो आत आला का रॅशफर्ड असो का कॅसेमिरो, सगळे सरळ बसले पाहिजे. कॅसेमिरो तर झिदानच्या हाताखालीच तिन्ही कप जिंकला ना. मोठ्या खेळाडूले मोठा माणूसच आवरू शकते.

---

प्रणाली_रामदासपेठ
सोमवार, रात्री १०:३२

बाबूदादा, झिदानबद्दल आदर पूर्ण आहे, पण त्याच्या रियाल माद्रिदमध्ये रोनाल्डो, मॉड्रिच, क्रूस, रामोस होते. तयार टीमला सांभाळणं आणि मोडक्या टीमला बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याला दुसरं काम करणारा पाहिजे. मोठं नाव तर आपण आणून पाहिलंय की. मोरिन्यो आणला, युरोपा लीग आणि लीग कप मिळाला, ८१ पॉइंट घेऊन दुसरे आलो, आणि पुढच्याच डिसेंबरमध्ये सगळं मोडून तो गेला. व्हॅन गालने एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला काढला.

माझी पसंती रुबेन अमोरिम, पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा कोच. मी मागच्या सीझनपासून स्पोर्टिंगचे सामने बघते जमेल तसे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

मार्च २०२० मध्ये स्पोर्टिंगने त्याला ब्रागाकडून आणला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता, मोठ्या लीगमध्ये मोजके सामने कोच म्हणून काढलेले, आणि त्याच्यासाठी एक कोटी युरो मोजले. लोकांनी क्लबला वेड्यात काढलं. स्पोर्टिंगने २००२ नंतर लीग जिंकलेली नव्हती. पुढच्याच सीझनला, २०२०-२१ मध्ये, १९ वर्षांनी त्याने ती जिंकून दिली. आणि कोणाला घेऊन? नुनो मेंडेस, इनासिओ, अकादमीतली पोरं. पेड्रो पोरोला तिथेच त्याने घडवलं, आज तो टॉटनहॅमचा राइट बॅक आहे, आपल्याला ०-३ मारणाऱ्या टीममधला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. २०२२-२३ मध्ये स्पोर्टिंग चौथे आले. चॅम्पियन्स लीगसुद्धा गेली. आपल्याकडे असतं तर ह्या माणसाला काढलं असतं. तिथे ठेवला, त्याने स्ट्रायकर योकेरेस आणला, आणि २०२३-२४ ला परत लीग जिंकली. ह्या सीझनला आतापर्यंतचे लीगचे नऊच्या नऊ सामने जिंकलेत.

म्हणून अमोरिम. वय ३९, भूक आहे, पोरांवर विश्वास टाकतो, आणि खराब वर्षातून टीमला परत वर आणून दाखवलंय. मेनू, गार्नाचो, अमाद, योरो, होयलुंड, ही पोरं त्याच्या हातात द्यावीत असं मला मनापासून वाटतं. मॅनुएल युगार्ते तर त्याच्याकडे दोन सीझन खेळलाय, त्याच्याकडूनच पॅरिसच्या पीएसजीला गेला. म्हणजे मधल्या फळीत एक माणूस असा आहे की ज्याला काही नवीन शिकवावं लागणार नाही.

---

मानेवाडा_१९९९
सोमवार, रात्री ११:१०

मी ९९ ची फायनल पाहिलेला माणूस आहे, बायर्नविरुद्धची, त्यामुळे नव्या पोरांपेक्षा थोडं वेगळं बोलेन, राग मानू नका.

रूडला मे महिन्यापर्यंत राहू द्या. फुलहॅमविरुद्ध २००३ मध्ये त्याने हाफवे लाइनपासून बॉल घेऊन एकामागून एक माणूस मागे टाकत जो गोल केला तो मला अजून फ्रेम बाय फ्रेम आठवतो. दीडशे गोल केलेत त्याने ह्या क्लबसाठी. आपला आजचा रोग काय? नऊ सामन्यांत आठ गोल. संधी निर्माण होतात, गोल होत नाहीत. झिर्कझी, होयलुंड, गार्नाचो ह्यांना पेनल्टी बॉक्समध्ये कधी थांबायचं, कधी पाऊल टाकायचं हे शिकवायला जगात त्याच्यापेक्षा चांगला माणूस कोण आहे? आणि तो नुसता जुना खेळाडू नाही, हॉलंडच्या पीएसव्हीचा कोच होता, डच कप जिंकलाय आयाक्सला फायनलमध्ये हरवून.

सीझनच्या मध्ये नवीन माणूस आणायचा म्हणजे त्याला प्री-सीझन नाही, ट्रेनिंगला वेळ नाही, दर तीन दिवसांनी सामना. उन्हाळ्यात शांतपणे निवडा ना. फर्ग्युसन साहेब नोव्हेंबर १९८६ मध्ये आले होते हे खरं, पण त्यांना पहिला कप १९९० मध्ये मिळाला आणि लीग १९९३ मध्ये. आज एवढा वेळ कोण देणार आहे?

बुधवारी लेस्टरविरुद्ध लीग कप आहे. आपल्याकडे रात्री सव्वा एक, आता तिकडची घड्याळं मागे गेली त्यामुळे सगळे सामने एक तास उशिरा. त्याच पहाटे नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान. मी तर मॅच बघूनच उटणं लावणार आहे, मध्ये झोपायचा प्रश्नच नाही. रूडची टीम कशी खेळते ते बघा आणि मग बोला.

---

प्रणाली_रामदासपेठ
सोमवार, रात्री ११:२४

काका, रूड मलाही आवडतो, पण ही गोष्ट आपण एकदा करून बसलोय. डिसेंबर २०१८ मध्ये ओलेला असाच तात्पुरता आणला. १९ पैकी १४ सामने जिंकले, पॅरिसला जाऊन पीएसजीला ३-१ हरवलं, सगळे हवेत, आणि मार्चमध्ये त्याला कायम केला. पुढच्या दोन महिन्यांत सगळं घसरलं. ओलेवर माझा राग नाही, पण तीन महिन्यांच्या आनंदावर तीन वर्षांचा निर्णय घेतला गेला. रूडने तीन-चार सामने जिंकले तर लोक परत तेच मागतील, बघा तुम्ही. आणि हो, अभ्यंगस्नान करून मग झोपा, आधी झोपलात तर उठणार नाही 🙂

---

कामठीचा_लेफ्टबॅक
मंगळवार, २९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मी कामठीला सोळा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. कामठीत फुटबॉल आज आलेला नाही हे इथल्या लोकांना सांगायला नको, आमच्याकडे क्रिकेटच्या आधी पोराच्या पायात बॉल येतो. तर अमोरिमबद्दल जे सगळे लिहून राहिले ते वाचलं, माणूस चांगला आहे ह्यात वाद नाही, पण ३-४-३ म्हणजे ग्राउंडवर नेमकं काय होते ते कोणी लिहून नाही राहिलं म्हणून मी लिहितो, जरा लांब होईल.

मागे तीन सेंटर-बॅक. मध्ये दोन. दोन्ही साइडला एकेक विंग-बॅक. पुढे एक स्ट्रायकर आणि त्याच्या मागे आतल्या बाजूला दोघं. ह्यात साइडलाइनवर प्रत्येक बाजूला एकच माणूस असतो. टीमकडे बॉल असला की तो विंगर, बॉल गेला की तो फुलबॅक. म्हणजे टीमची सगळी रुंदी त्या दोघांच्या पायावर आणि फुप्फुसावर चालते.

आता हे कुठे फाटते ते सांगतो. विंग-बॅक वर गेला आणि बॉल गेला. समोरच्याने लगेच बॉल त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत टाकला. आता तिथे जायचं कोणी? बाहेरच्या सेंटर-बॅकने. तो साइडलाइनकडे ओढला गेला का मधल्या सेंटर-बॅकसोबत मोठी फट पडते, ती भरायला मधल्या फळीतल्या दोघांपैकी एकाला खाली पळावं लागते, आणि तो खाली गेला का बॉक्सच्या बाहेर समोरच्याचा माणूस एकदम मोकळा. पाच सेकंदांत चार जणांनी बरोबर हललं पाहिजे, एक जण जरी अर्धा सेकंद उशिरा हलला तर गोल. पोरांना मी हे शिकवून पाहिलं आहे. जी पोरं लहानपणापासून मागे चार जण घेऊन खेळली त्यांच्या डोक्यात जागा ठरलेल्या असतात, घाबरली का ती जुन्या जागेवर पळतात. मोठे खेळाडू हुशार असतात, लवकर शिकतात, पण शिकायला ट्रेनिंगचे दिवस तर पाहिजे ना. आपल्याकडे गुरुवार-रविवार, गुरुवार-रविवार चालू आहे.

आता आपली टीम लावून पाहा. सेंटर-बॅक आहेत, डी लिख्ट, लिसांद्रो, मॅग्वायर, लिंडेलोफ, एव्हान्स, योरो पाय बरा होऊन येईल. तिथे उलट फायदाच आहे, लिसांद्रोला डाव्या बाजूच्या सेंटर-बॅकच्या जागेवरून बॉल घेऊन पुढे यायला मिळेल. स्ट्रायकर दोन आहेत. ब्रुनो, अमाद, रॅशफर्ड, गार्नाचो आतल्या जागांसाठी. उजव्या विंग-बॅकला दालो किंवा मझरावी चालून जाईल.

पण डावा विंग-बॅक कोण? शॉ आणि मलासिया दोघंही ह्या सीझनमध्ये एक मिनिट खेळले नाहीत. दालो आणि मझरावी दोघंही उजव्या पायाचे, त्यांना डावीकडे खेळवून राहिले. डाव्या साइडलाइनवरून पळत जाऊन डाव्या पायाने क्रॉस टाकणारा एक माणूस ह्या टीममध्ये नाही. उजव्या पायाचा तिथे गेला का प्रत्येक वेळी थांबतो, आत वळतो, आणि तेवढ्यात समोरची टीम मागे येऊन उभी राहते. मी स्वतः डावा बॅक होतो म्हणून हे मला जास्त खुपते असेल, पण तुम्ही पुढचा सामना फक्त डावी बाजू पाहा, आपला अटॅक तिथे येऊन किती वेळा मरतो ते दिसेल.

आणि मधल्या फळीत फक्त दोघं. कॅसेमिरो आणि एरिक्सन दोघांचंही वय ३२. दोघांना मैदानाचा एवढा मोठा पट्टा झाकता येणार नाही. युगार्ते आणि मेनू जमेल, पण मेनू सध्या दुखापतीत आहे.

म्हणजे अमोरिम नको असं मी म्हणून नाही राहिलो. मी म्हणतो आणायचा तर क्लबने आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे, का हा सीझन गेला. बारावे येऊ, चौदावे येऊ, अजून खाली जाऊ, तरी ह्या माणसाला हात लावायचा नाही आणि खेळाडू खरेदीच्या दोन विंडोमध्ये त्याला त्याचे विंग-बॅक आणून द्यायचे. हे मान्य नसेल तर मागे चार जण खेळवणारा कोच आणा.

---

खामला_स्ट्रेटफर्ड_एंड
मंगळवार, सकाळी ९:०२

कामठीवाले भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि नवऱ्यालाही वाचायला दिली. डावी बाजू का मरते हे आता कळलं.

माझा मुद्दा कोचच्या वरच्या लोकांबद्दल आहे. जिम रॅटक्लिफ यांच्या आयनिऑस कंपनीने फेब्रुवारीत २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. बेराडा आले सीईओ म्हणून, अ‍ॅशवर्थ आले स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून, विल्कॉक्स आले. म्हटलं, चला आता शहाणी माणसं आली. मग उन्हाळ्यात काय झालं? एफए कप जिंकल्यावर टेन हागला ठेवायचं का काढायचं ह्यावर कित्येक दिवस घातले, मधल्या काळात टूखेलपासून बाकीच्यांशी बोलले, आणि कोणी पटलं नाही म्हणून ह्यालाच करार वाढवून दिला. त्याच्यासाठी डी लिख्ट, मझरावी, झिर्कझी, योरो, युगार्ते आणले. आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्याला काढलं, म्हणजे आता उरलेल्या कराराची भरपाई द्यावी लागणार.

ह्याच क्लबने जुलैमध्ये २५० लोकांची नोकरी घालवायचं जाहीर केलं. ह्याच महिन्यात फर्ग्युसन साहेबांचं अ‍ॅम्बेसेडर म्हणून मिळणारं मानधन सीझनअखेर बंद करायचं ठरलं, खर्च कमी करायचाय म्हणून. तिकीट खिडकीवर, कॅन्टीनमध्ये, ऑफिसात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाला घरी पाठवायचं आणि वरच्यांच्या एका निर्णयासाठी करोडो पौंड मोजायचे, हे मला सहन होत नाही. मी स्वतः पगार बनवायचं काम करते, एका माणसाची नोकरी गेली म्हणजे घरात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

म्हणून कोच कोणीही आणा, पण ज्याने निवडलं त्याने जबाबदारी घेऊन निवडलं पाहिजे. माझं मत विचाराल तर थॉमस फ्रँक. २०१८ पासून ब्रेंटफर्डमध्ये आहे, दुसऱ्या डिव्हिजनमधून २०२१ मध्ये वर आणलं, टोनीसारखे खेळाडू विकून पण टीम टिकवली. समोरची टीम बघून मागे तीन पण खेळवतो, चार पण खेळवतो. इंग्लंड त्याला माहीत आहे. आपल्या तुकड्यांच्या टीमला असाच माणूस पाहिजे जो आहे त्यात भागवेल.

---

एनफिल्ड_सिव्हिल_लाइन्स
मंगळवार, सकाळी ११:४८

मी लिव्हरपूलवाला. चिडवायला आलो नाही, खरंच. तुमची टीम अशी बघायला मलाही बरं वाटत नाही, तुमच्याविरुद्धच्या मॅचची धडधड गेली तर आमचा पण सीझन अर्धा फिका होतो.

सांगायचं एवढंच की आमचा कोच क्लॉपने जानेवारीत जाहीर केलं की मी जाणार, तेव्हा आमच्याकडे पण हाच वाद झाला. आम्हाला सगळ्यांना शाबी अलोन्सो पाहिजे होता, आमचाच जुना खेळाडू, पण तो लेव्हरकुसेनला थांबला. मग अमोरिमचं नाव आलं, एप्रिलमध्ये रोज बातम्या होत्या. शेवटी आला फेयेनूर्डचा आर्ने स्लॉट, तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी नाकं मुरडली. क्लबने बघितलं ते हे की आपल्या खेळाडूंना जसं खेळायची सवय आहे त्याच्या जवळपासचं कोण खेळवतो. मागे चार, पुढे तीन, वर जाऊन प्रेस करायचं, विंगर रुंद. अमोरिमबद्दल तेव्हाच बोललं जायचं की मागे तीन खेळवतो, म्हणजे अर्धी टीम बदलावी लागेल. स्लॉटने उन्हाळ्यात काय खरेदी केली? ह्या सीझनला खेळणारा एक किएसा. बाकी तीच टीम, आणि नऊ सामन्यांत २२ पॉइंट, सिटीच्या एकच मागे.

तर धंतोलीवाल्या भाऊंनी सुरुवातीला जे लिहिलं की आधी टीम बघा, ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तुमच्याकडे अडचण ही की टीमला कुठलीच एक सवय नाही, त्यामुळे कोणाशी जुळवायचं हाच प्रश्न.

---

बजाजनगर_बाबू
मंगळवार, दुपारी १:२०

एनफिल्डवाल्या भावा, चांगलं लिहिलं, मानलं तुले.

पण मी अजून झिदानवरच आहे. सगळे सिस्टिम सिस्टिम करून राहिले. टेन हागची पण सिस्टिमच होती ना, आयाक्सले सेमीफायनलपर्यंत नेलं तेच पाहून आणला होता त्याले. मंग अँटनी आणला, लिसांद्रो आणला, ओनाना आणला, डी लिख्ट आणला, मझरावी आणला, सगळे त्याचे जुने आयाक्सवाले, तरी चौदावे. कोचचे जुने खेळाडू आणले का त्याचं जुनं फुटबॉल पण येते, असं नसते. उद्या अमोरिम आला तर हेच होईल, योकेरेस आणा, इनासिओ आणा, हा आणा तो आणा.

---

मानेवाडा_१९९९
मंगळवार, दुपारी २:०५

बाबूचा हा मुद्दा पटला बुवा. अँटनीला नऊ कोटी युरोंच्या वर मोजले, तेवढ्यात किती काय झालं असतं.

---

धंतोलीचा_लाल_सैतान
मंगळवार, संध्याकाळी ७:५५

धनत्रयोदशीची पूजा आटोपून आत्ता फोन हातात घेतला तर बातमी. स्पोर्टिंगने त्यांच्या शेअर बाजाराच्या नियामकाला अधिकृत कळवलंय की मँचेस्टर युनायटेडला अमोरिममध्ये रस आहे आणि रिलीज क्लॉजचे (करारातून त्याला सोडवून घ्यायचे) एक कोटी युरो द्यायची तयारी आहे. म्हणजे बहुतेक ठरलंच. आपण इथे वाद घालेपर्यंत त्यांनी निवडून पण टाकलं.

मी सगळ्यांचं वाचलं. माझ्या मनात कालपर्यंत फ्रँक आणि अमोरिम दोघं होते. कामठीच्या भाऊंची पोस्ट वाचून मला भीती वाटायला लागली आणि प्रणालीची वाचून आशा, दोन्ही एकाच वेळी. आता तो येणारच असेल तर मला त्याच्याकडून एकच पाहिजे, की लोकांच्या ओरडण्याला घाबरून पहिल्या तीन हारांनंतर त्याने आपलं फुटबॉल सोडू नये. टेन हाग आला तेव्हा पहिल्या दोन सामन्यांत ब्रायटन आणि ब्रेंटफर्डकडून हरला, ब्रेंटफर्डने चार मारले, आणि त्यानंतर त्याने खेळायची पद्धतच बदलली, मागे बसून काउंटर मारायला लागला. त्या सीझनला तिसरे आलो, सगळे खूश झालो. पण आयाक्सचं जे फुटबॉल बघून त्याला आणला होता ते आपल्याला कधी दिसलंच नाही. माझ्या मते त्याची गोष्ट तिथेच ठरली.

कामठीच्या भाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं, ब्रुनोला कुठे खेळवेल तो? ब्रुनो तर स्पोर्टिंगचाच ना, दोघं ओळखत असतील.

---

कामठीचा_लेफ्टबॅक
मंगळवार, रात्री ९:३०

ब्रुनो स्पोर्टिंगमधून जानेवारी २०२० मध्ये निघाला आणि अमोरिम मार्चमध्ये आला, म्हणजे दोघांनी एकत्र काम केलेलं नाही. खेळवेल ते पुढच्या दोघांत, स्ट्रायकरच्या मागे आतल्या बाजूला, स्पोर्टिंगला पेड्रो गोन्साल्वेस खेळतो तिथे. ती जागा ब्रुनोची आहेच. पण मधल्या दोघांत खाली खेळवला तर अवघड जाईल, तो बॉलच्या मागे जागा सोडून पळतो आणि तिथे दोनच माणसं असतात हे सकाळी लिहिलंच.

गार्नाचो आणि रॅशफर्डची मला जास्त काळजी आहे. दोघंही साइडलाइनवर बॉल घेऊन आत पळणारे. ह्या फॉर्मेशनमध्ये साइडलाइन विंग-बॅकची, त्यांना पाठ गोलकडे करून गर्दीत बॉल घ्यावा लागेल, आणि ते दोघांनाही आवडत नाही. अमादला जमेल, त्याचा पहिला टच छोट्या जागेत चालतो, आणि तो मागे पण पळतो. अमादला उजव्या विंग-बॅकला टाकला तरी मला आश्चर्य वाटणार नाही, स्पोर्टिंगला कटामोला असंच विंगरचा विंग-बॅक केलाय त्याने.

---

प्रणाली_रामदासपेठ
मंगळवार, रात्री ९:५१

अमाद विंग-बॅक! मला हे फार आवडलं, त्या पोराला कोणीतरी सलग दहा सामने खेळवा फक्त.

आणि भाऊ, तुमची अट मला मान्य आहे, हा सीझन गेला असं धरूनच चालायचं. पण मग जानेवारीत घाईघाईने तीन-चार जण आणू नयेत असं मला वाटतं. आधी त्याला आहेत ती पोरं बघू दे.

---

कामठीचा_लेफ्टबॅक
मंगळवार, रात्री १०:०८

तीन-चार नको, एकच. डाव्या पायाचा, तरुण, साइडलाइनवर दिवसभर पळणारा. शॉ परत आला तरी त्याच्या पायावर पूर्ण सीझन टाकता येणार नाही, मागच्या काही वर्षांत किती वेळा बसला ते आपण पाहिलंच. बाकी सगळं उन्हाळ्यात करा, पण तो एक माणूस जानेवारीत आला नाही तर अमोरिमला मेपर्यंत उजव्या पायाचा दालोच डावीकडे लावावा लागेल, आणि मग लोक म्हणतील सिस्टिम खराब आहे.